‘पर्मिशन डिनाइड’ म्हणालं कोण?

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वानऊला आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. “ताई, रात्रीच्या रनच्या सगळ्या फाइली शून्य बाइटच्या आल्यात. जुन्या फाइलीही उघडत नाहीयेत. डेटा गेला का?”

ती ज्वारीच्या जीनोमवर काम करते. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीचे तीन रब्बी हंगामांतले नमुने तिने स्वतः शेतांत फिरून गोळा केलेत. त्यातला एखादा हंगाम हरवला तर तो परत आणता येत नाही. “डेटा गेला का” वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. बसमध्ये होते. उरलेला प्रवास मी उभ्याने केला, बसवेना.

मशीनवर लॉगिन करून आधी फाइलींची यादी दाखवणारा एलएस हा आदेश चालवला. जुन्या फाइली सगळ्या दिसत होत्या, आकार बरोबर, तारखा बरोबर. तेव्हा श्वास सोडला. मग एक फाइल वाचायला गेले तर उत्तर आलं, “ऑपरेशन नॉट पर्मिटेड”. टच करून नवी फाइल तयार होत होती, पण तिच्यात एक ओळ लिहायला गेलं की पुन्हा तोच नकार. म्हणजे डेटा जागच्या जागी होता. फाइलीचं नाव लिहायची परवानगी होती, मजकुराला हात लावायची नव्हती. कारण कळायला मला दहा मिनिटं लागली, आणि ते कारण मीच दोन दिवसांपूर्वी तयार करून ठेवलं होतं.

हे सगळं नीट लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे. जून ते ऑगस्ट या काळात आमच्याकडे माउंटच्या वेळी, म्हणजे सामायिक स्टोरेज मशीनला जोडताना, परवानगी नाकारली जाण्याचे जेवढे प्रकार असतात तेवढे बहुतेक सगळे होऊन गेले. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुण्यात आहे, एवढं पुरे.

आमचं स्टोरेज सेफवर आहे, म्हणजे अनेक मशीनांच्या डिस्क एकत्र करून एक मोठा साठा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर (त्या सगळ्याला मिळून क्लस्टर म्हणतात), आणि गणनेची २२ मशीनं त्यातली सेफएफएस ही फाइल सिस्टिम माउंट करतात. सेज वाइल यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करताना हे काम सुरू केलं, त्याचा गाजलेला शोधनिबंध २००६चा. २०१०मध्ये त्याचा क्लायंट, म्हणजे स्टोरेज वापरणाऱ्या मशीनवरचा भाग, लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) २.६.३४ आवृत्तीत आला. सेफ हे नाव ‘सेफलोपॉड’वरून, म्हणजे आपली माकुलं आणि ऑक्टोपस यांच्या कुळावरून घेतलंय. माझं माहेर अलिबागजवळ. माकूल म्हटलं की मला अजून आईच्या हातचं सुकं आठवतं, त्यामुळे या सॉफ्टवेअरशी माझं नातं पहिल्या दिवसापासून जरा घरगुतीच आहे. त्यांच्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णक्रमाने समुद्राशी जोडलेली नावं असतात. आमच्याकडे २०२३ची रीफ आहे.

आता ओळख पटवण्याचा भाग. सेफमध्ये ती व्यवस्था सेफएक्स नावाची आहे आणि तिची घडण एमआयटीत जन्मलेल्या कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या जवळची आहे. मला ती मांडव्याच्या लाँचसारखी वाटते. जेट्टीवर आधी खिडकीत जाऊन तिकीट काढायचं आणि मग ते लाँचवरच्या माणसाला दाखवायचं. लाँचवरचा माणूस तुमचं आधार कार्ड बघत नाही, तो तिकीट बघतो. सेफमध्ये खिडकी म्हणजे मॉनिटर, स्क्रीन नव्हे तर त्या नावाचा प्रोग्रॅम. आमच्याकडे तीन आहेत आणि तिन्ही तिकीट देऊ शकतात, त्यामुळे एक बंद पडला तरी खिडकी उघडी राहते. तिकीट दाखवायच्या जागा दोन. एक एमडीएस, जो फोल्डर, फाइलींची नावं, आकार, मालक हा सगळा जमाखर्च सांभाळतो. दुसरे ओएसडी, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवर बसलेले प्रोग्रॅम, ज्यांच्याकडे फाइलीतला मजकूर असतो. क्लायंट फाइलीचं नाव एमडीएसकडे विचारतो, पण मजकूर मात्र थेट ओएसडीकडून आणतो.

खिडकीवरची गुप्त चावी कधीच तारेवरून जात नाही, हे मला या व्यवस्थेतलं सर्वांत सुंदर वाटतं. ती मॉनिटरकडेही असते आणि क्लायंटकडेही. मॉनिटर एक तात्पुरती चावी तयार करतो आणि ती त्या गुप्त चावीने कुलूपबंद करून पाठवतो. खरा मालक असेल त्यालाच ती उघडता येते. शिवाय समोरचा सर्व्हरही खरा आहे ना, याची खात्री क्लायंट त्याच ओघात करून घेतो.

बोलताना आम्ही सगळे ‘की’च म्हणतो. पण लिहिताना ‘की’ आणि ‘की’ यांचा घोळ होतो म्हणून इथे चावी.

या प्रत्येक चावीला तीन वेगळ्या परवानग्या जोडलेल्या असतात. मॉनिटरसाठीची, एमडीएससाठीची, ओएसडीसाठीची. आम्ही त्यांना कॅप्स म्हणतो. त्या तिकिटावरच छापून येतात. म्हणजे परवानगी बदलली तरी खिशातलं जुनं तिकीट काही वेळ जुनंच बोलत राहतं. हे वाक्य पुढे फार लागणार आहे.

जूनच्या सुरुवातीला मी एका मशीनचं एफस्टॅब, म्हणजे काय कुठून माउंट करायचं याची यादी, सहज उघडलं आणि त्यात अ‍ॅडमिनची चावी ‘सिक्रेट=’ म्हणून सरळ लिहिलेली दिसली. एफस्टॅब ही फाइल मशीनवरच्या कुणालाही वाचता येते. बावीसच्या बावीस मशीनांवर तेच. चालू माउंटची यादी काढली की कर्नल तिथे ‘सिक्रेट=हिडन’ असं दाखवतो, म्हणून इतकी वर्षं कुणाला शंका आली नसावी. ज्याने हे बसवलं त्याच्यावर मी चिडले नाही. त्या दिवशी माउंट चालू करायचं होतं, चालू झालं, आणि पुढच्या कामाला लागायचं होतं, एवढंच घडलं असणार. पण ती चावी हातात असलेला माणूस सगळे पूल, म्हणजे डेटाचे साठेच, पुसू शकतो. एका विद्यार्थ्याच्या स्क्रिप्टमधली एक चूक आणि तीन हंगामांची ज्वारी, कुणाच्या तरी कर्करोगाच्या पेशींची छायाचित्रं, सगळं एका मिनिटात जाईल. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग ठरवलं, प्रत्येक गटाला स्वतःची चावी आणि तिला फक्त त्या गटाचं फोल्डर. ९ जूनला जीनोम गटाची चावी केली. ‘सेफ एफएस ऑथराइज’ या आदेशाने केली की तिन्ही परवानग्या तो स्वतःच नीट लिहून देतो, म्हणून नवी चावी करताना मी तोच वापरते आणि इतरांनीही तोच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

चाचणीच्या मशीनवर पहिला नकार आला तो ‘माउंट एरर २२, इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’. सवयीने सगळे इथेच चावी पुन्हा कॉपी करायला धावतात. त्याआधी डी-मेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, बघायच्या. तिथे लिबसेफची, म्हणजे कर्नलमधल्या सेफच्या भागाची, ओळ होती, ‘नो सिक्रेट सेट’. म्हणजे कर्नलच्या हाती चावी पोहोचलीच नव्हती. खिडकीपर्यंत कुणी गेलंच नव्हतं, नकार घरातूनच होता. मी एफस्टॅबमध्ये सिक्रेटफाइलचा, म्हणजे चावी कुठल्या फाइलीत आहे ते सांगणारा, पर्याय लिहिला नव्हता, कारण माउंटचा मदतनीस प्रोग्रॅम ईटीसी-सेफ फोल्डरमधून की-रिंग, म्हणजे चावी ठेवलेली फाइल, स्वतः शोधतो. पण ती फाइल ‘सेफ डॉट क्लायंट डॉट’ मग वापरकर्त्याचं नाव आणि शेवटी ‘डॉट कीरिंग’ अशा ठरलेल्या नावाची असावी लागते. मी तिला माझ्या सोयीचं नाव दिलं होतं.

सिक्रेटफाइल लिहिली, तर नवीन तक्रार. चावी म्हणे वैध बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) नाही. सिक्रेटफाइलमध्ये नुसती चावी लागते, चौकटी कंसातलं नाव आणि खालच्या परवानग्यांच्या ओळी यांसह आख्खी की-रिंग नाही. ते केलं, त्या मशीनवर चाललं, दुसऱ्यावर नाही. तिथे कर्नल म्हणाला, सिक्रेटफाइल नावाचा पर्याय मला माहीत नाही. ते खरंच आहे, कर्नलला तो माहीतच नसतो. सिक्रेटफाइल वाचून तिच्यातली चावी कर्नलला देण्याचं काम तो मदतनीस करतो आणि तो सेफ-कॉमन पॅकेजमध्ये येतो. त्या नव्या मशीनवर पॅकेजच नव्हतं. तिसऱ्या मशीनवर धाकट्या सहकाऱ्याने नावाच्या पर्यायात ‘क्लायंट डॉट जीनोम’ असं पूर्ण नाव लिहिलं होतं. तिथे फक्त ‘जीनोम’ लिहायचं असतं, पुढचा ‘क्लायंट’ आपोआप लागतो. तो ‘क्लायंट डॉट क्लायंट डॉट जीनोम’ नावाच्या कुणाला तरी शोधत होता, आणि असं कुणी नाही म्हणून मॉनिटर नकार देत होता.

हे चारही अडथळे एका दुपारचे. त्यांत फार काही नाही.

खरा वेळ गेला तो पुढच्या नकारात. सगळं बरोबर लिहिलंय, तरी ‘माउंट एरर १३, पर्मिशन डिनाइड’. आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो होतो. तो म्हणाला, “मॅडम, चावीच खराब झालीय, पुसून नवी करतो.” मी त्याला थांबवलं आणि डी-मेसेजच्या दोन ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. पहिली, अमुक मॉनिटरशी ‘सेशन एस्टॅब्लिश्ड’. दुसरी, आमचा क्लायंट क्रमांक आणि क्लस्टरचा एफएसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक. चावी खराब असती तर या ओळी आल्याच नसत्या. तिथे ‘ऑथ मेथड एक्स’ आणि पुढे ‘एरर’ अशी ओळ येते. म्हणजे खिडकीने तिकीट दिलं होतं. नकार लाँचवरच्या माणसाचा होता.

आणि त्याचं बरोबर होतं. चावीला परवानगी फक्त जीनोमच्या फोल्डरची होती, आणि एफस्टॅबमध्ये जुन्या सवयीने मुळापासूनचं सगळं माउंट करायचं, नुसता स्लॅश, असं लिहिलेलं होतं. जेवढं वाचायची मुभा आहे तेवढाच रस्ता माउंटच्या ओळीत लिहावा लागतो. मी स्लॅशच्या पुढे जीनोम लिहिलं आणि एका झटक्यात माउंट झालं.

हाच एक शब्द, ‘पर्मिशन डिनाइड’, चुकीच्या नावालाही येतो, शिळ्या चावीलाही येतो आणि चुकीच्या रस्त्यालाही येतो. माउंटच्या तोंडून सगळे नकार एकाच आवाजात ऐकू येतात. म्हणून चावीला हात लावण्याआधी नकार कुणी दिला ते शोधायचं, असं मी आता सगळ्यांना सांगते. कर्नलने, मॉनिटरने, एमडीएसने की ओएसडीने. आमच्या त्या तीन महिन्यांतल्या दोन मोठ्या अडचणी, ज्वारीची आणि पुढे सांगते ती, दोन्ही कुणीतरी चावीला विनाकारण हात लावल्यामुळे झाल्या. एकदा तो हात माझा होता.

ते असं. जुलैत जीनोम गटाला संदर्भ-जीनोमचं एक सामायिक फोल्डर वाचायला हवं होतं. मी ‘सेफ ऑथ कॅप्स’ हा आदेश चालवला, त्यात मॉनिटरची परवानगी लिहिली, एमडीएससाठी दोन्ही रस्ते लिहिले आणि एंटर दाबलं. हा आदेश आहे त्यात भर घालत नाही. तो सगळं पुसून तुम्ही लिहिलंत तेवढंच ठेवतो. मी ओएसडीची ओळ लिहिली नव्हती, म्हणून ओएसडीची परवानगी गेली. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, कुणालातरी शिकवलेलंही होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मी घाईत होते.

लगेच काहीच बिघडलं नाही. चालू मशीनांच्या खिशात जुनी तिकिटं होती, त्यांवर ओएसडीची परवानगी छापलेली होती. मीही तपासताना नुसतं माउंट झालं का आणि एलएस दिसतं का एवढंच पाहिलं, आणि ती दोन्ही कामं एमडीएसची आहेत. नंतर त्या मुलीचा रन ज्या मशीनवर लागला ते नव्याने माउंट झालेलं होतं. नवं तिकीट, ओएसडी नाही. फाइल तयार करायला एमडीएस हो म्हणाला, म्हणून नाव उमटलं आणि आकार शून्य. मजकूर लिहायला ओएसडी नाही म्हणाले. जुन्या फाइली दिसतात पण उघडत नाहीत, तेही त्यामुळेच.

ओएसडीची ओळ परत लिहिली. डेटा पूलचं नाव देण्याऐवजी ‘टॅग सेफएफएस’ असं लिहिलं, म्हणजे पुढे नवा डेटा पूल जोडला तरी परवानगी त्याला आपोआप लागू होते. मशीनवर माउंट काढून पुन्हा घातलं. मग त्या मुलीच्या टेबलापाशी गेले, खुर्ची ओढून बसले आणि तिला पहिल्या हंगामातली एक फाइल उघडायला लावली. ती उघडली. ती काही बोलली नाही, नुसतं स्क्रोल करत राहिली, खालपर्यंत. मी तिची माफी मागितली आणि काय झालं होतं ते कागदावर तीन चौकोन काढून समजावलं. रात्रभराची गणना गेली होती. ती परत करावी लागली, ते नुकसान माझ्यामुळे झालं.

त्या दिवसापासून परवानगी बदलण्याआधी मी ‘ऑथ गेट’ने जुन्या तिन्ही ओळी फाइलमध्ये काढून घेते, तीच फाइल दुरुस्त करते, आणि बदल झाल्यावर एका मशीनवर नव्याने माउंट करून एक फाइल वाचते, एक लिहिते, एक पुसते.

दुसरी अडचण ऑगस्टमधली. ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीसाठी शनिवारी संस्थेची वीज बंद होती. संध्याकाळी सगळं चालू केलं तेव्हा १८ मशीनांवर माउंट झालं, चारांवर नाही. १९, २०, २१ आणि २२. डी-मेसेजमध्ये ‘ऑथ मेथड एक्स’ आणि पुढे ‘एरर’. या वेळी नकार खिडकीचाच होता.

मी आधी घड्याळं तपासली. ही माझी कर्बेरॉसच्या दिवसांतली सवय आहे. तिथे डिफॉल्ट पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की दार बंद. सेफमध्ये मॉनिटर आपसांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला की कुरकुर सुरू करतात, आणि स्टोरेजच्या मशीनांची घड्याळं फार भरकटली तर तिकिटं तपासण्याच्या फिरत्या चाव्या जुळत नाहीत. घड्याळं जुळवणारा क्रोनी सगळीकडे व्यवस्थित होता. नाव बरोबर. रस्ता बरोबर. सिक्रेटफाइल आहे, मालक रूट, परवानगी ६००. सगळं अठरा मशीनांसारखंच.

साडेनऊ वाजले होते. सोमवारी सकाळी एका गटाची मोठी गणना लागणार होती. सहकारी दमला होता. तो म्हणाला, “मॅडम, आजच्यापुरती अ‍ॅडमिनची चावी लावू या चार मशीनांना. सोमवारी निवांत बघू.”

मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. अ‍ॅडमिनच्या चावीने माउंट झालं असतं, यात शंका नाही. पण त्यातून एवढंच कळलं असतं की अ‍ॅडमिनची चावी चालते, जे आम्हाला आधीच माहीत होतं. आणि सोमवारी निवांत वेळ कुणालाच नसतो. बावीस मशीनांच्या एफस्टॅबमध्ये ती चावी अशाच एका ‘आजच्यापुरती’मधून आली असणार. त्याला वाईट वाटलं असावं, मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी १९ क्रमांकाच्या मशीनवरची चावी आणि क्लस्टरकडची चावी दोन खिडक्यांत शेजारी ठेवल्या. सेफच्या चाव्या चाळीस अक्षरांच्या असतात, सुरुवातीला ‘ए’ आणि ‘क्यू’, शेवटी बरोबरची दोन चिन्हं. डोळ्यांना सगळ्या सारख्याच वाटतात. पण या दोन सारख्या नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या अक्षरापासूनच वेगळ्या.

त्या चाळीस अक्षरांत फक्त गुपित नसतं. बेस-६४ उलगडलं की २८ बाइट मिळतात. पहिले दोन प्रकार सांगतात, शेवटचे सोळा हे खरं गुपित, त्याच्या आधीचे दोन गुपिताची लांबी. मधले आठ म्हणजे ती चावी कधी तयार झाली ती वेळ, आधी सेकंद आणि मग नॅनोसेकंद. प्रत्येक चावी आपली जन्मवेळ अंगावर घेऊन फिरते. मी हे कधीतरी सेफचा कोड वाचताना पाहिलं होतं आणि ‘छान आहे’ म्हणून सोडून दिलं होतं.

दोन बाइट सोडून पुढचे चार ओडी या साध्या प्रोग्रॅमने आकड्यात वाचले आणि तो आकडा डेट आदेशाला दिला. मशीनवरच्या चावीचा जन्म ९ जून, दुपारी चारच्या सुमाराला. ती मी केली तेव्हाचीच. क्लस्टरकडच्या चावीचा जन्म ११ जून, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी.

११ जूनला मी चावी केली नव्हती.

मॉनिटर आपल्याकडे आलेले प्रशासकीय आदेश ऑडिट लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्या दिवसाचा लॉग काढला. ११ वाजून ३८ मिनिटांनी जीनोमची चावी ‘गेट-ऑर-क्रिएट’ने मागितलेली, वेगळ्या परवानगीसह. दोन मिनिटांनी ‘ऑथ आरएम’, म्हणजे पुसली. लगेच पुन्हा ‘गेट-ऑर-क्रिएट’. सहकारी माझ्या मागे उभा राहून वाचत होता. त्याला आठवलं. एक उपफोल्डर जोडायचं होतं, सेफने सांगितलं की ही चावी आधीच आहे पण तिची एमडीएसची परवानगी जुळत नाही, आणि त्याने अडथळा दूर करायचा म्हणून ती पुसून नवी केली. नाव तेच, त्यामुळे चावीही तीच असेल असं त्याला वाटलं. पण माउंट बंद पडलेलं दिसल्यावर त्याने अन्सिबल या एकदम अनेक मशीनांवर काम करणाऱ्या साधनाने नवी चावी सगळ्या मशीनांना वाटली आणि माउंट पुन्हा घातले. हे त्याने नीट केलं होतं. फक्त त्या आठवड्यात १९ ते २२ ही मशीनं मेमरी वाढवण्यासाठी उघडून ठेवलेली होती. अन्सिबलने शेवटच्या तक्त्यात त्यांच्यापुढे ‘अनरीचेबल’ लिहिलं होतं. मशीनं बंदच आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणाला खटकलं नाही. मेमरी बसवून ती रॅकमध्ये परत आली ती याच शनिवारी.

तो फार ओशाळला. मी त्याला जुलैतली माझी ‘ऑथ कॅप्स’ची गोष्ट सगळी सांगितली, शून्य बाइटच्या फाइलींसकट. त्याला ती अर्धीच माहीत होती. मग चार मशीनांवर नवी चावी त्यानेच ठेवली, प्रत्येक ठिकाणी तिची जन्मवेळ उलगडून बघत. तो आकडा तारखेत बदलताना पाहून तो खूश झाला, तेही मला बरं वाटलं.

आता आमच्या अन्सिबलमध्ये एक छोटी पायरी आहे. ती प्रत्येक मशीनवरच्या चावीची जन्मवेळ काढते आणि क्लस्टरकडच्या चावीशी ताडून बघते. गुपित कुठेही छापलं जात नाही, फक्त तारीख. तारीख जुळली नाही किंवा मशीन भेटलंच नाही, तर सगळं काम लाल होऊन थांबतं. चावी पुसायचा अधिकार आम्ही दोघांनी मिळून ठरवला तरच वापरायचा, असंही ठरलंय.

त्या रात्री पावणेअकराला १९च्या डी-मेसेजमध्ये ‘सेशन एस्टॅब्लिश्ड’ आलं. मग २०, २१. बाविसाव्याला सेफ-कॉमन जुनं होतं, त्यात आणखी वीस मिनिटं गेली. चारही मशीनांवर त्याने एकेक फाइल वाचली, एकेक लिहिली, पुसली. वाचण्यासाठी त्याने ज्वारीच्याच फोल्डरमधली फाइल घेतली होती, पहिल्या हंगामातली. आकार बघितला, बरोबर होता. आम्ही दिवे बंद केले आणि निघालो.